वन्संच्या हातचं मुठेल

वन्सं, आज तिसरा दिवस. घर माणसांनी भरलंय आणि येणारा प्रत्येक जण तुमच्याबद्दल तेच तेच बोलतोय. किती सोसलं, किती केलं, कधी तोंडातून शब्द काढला नाही. मी चहा देते आणि मान हलवते. तुम्ही शब्द काढला नाहीत हे खरंच आहे. माझ्या तोंडातून मात्र एक वाक्य निघालं होतं, अकरा वर्षांपूर्वी, मागच्या पडवीत, तुमच्या तोंडावर. ते परत घ्यायचं राहिलं. आता घेते म्हणजे वरातीमागून घोडं. तरी घेतल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून लेकीच्या, मानसीच्या, वहीतली मधली चार पानं काढून लिहायला बसले आहे.

तुमच्या भावाशी लग्न करून मी या वाडीत आले तेव्हा माझ्या अंगात दोन गोष्टी होत्या. एक बी.एस्सी.ची पदवी आणि दुसरी त्या पदवीची मिजास. तुळिंजच्या शाळेत मी सातवीला विज्ञान शिकवायचे. त्वचेचे थर, घामाच्या ग्रंथी, फळ्यावर रंगीत खडूंनी आकृती. घरी आलं की केळी, बावखलाचं, म्हणजे वाडीतल्या तळ्याचं, हिरवं पाणी, जास्वंदीचं कुंपण आणि तुम्ही. तुम्ही आणि सासूबाई आपसात वाडवळी बोलीत बोलायचात आणि मी पडवीत पाऊल टाकलं की दोघी माझ्यासाठी पुस्तकातल्या मराठीवर यायचात. तरी 'गो' आणि 'नाय' निसटायचंच. तो मान होता, हे मला तेव्हा कळलं नाही. मला वाटायचं मला बाहेरची ठेवताय.

तुमच्याबद्दल मला एवढंच सांगितलं होतं की लग्नानंतर दोन वर्षांत तुम्ही माहेरी परत आलात. का, ते मी विचारलं नाही. "पटलं नाही त्यांचं," असं तुमचा भाऊ म्हणाला. तुम्ही परत आलात तेव्हा तो सहा वर्षांचा, त्याला काय ठाऊक असणार. तुम्हाला मूलबाळ नाही, हे तर मला समोर दिसतच होतं. निदान मला तसं वाटत होतं.

मानसीच्या वेळी पाचवा महिना लागला आणि एका रविवारी तुम्ही विळीवर बसून आठ नारळ खवलेत. चव पाण्यात भिजवून मुठीमुठीने पिळलात, दूध काढलंत आणि चुलीवर लोखंडी कढईत आटवायला ठेवलंत. दुपारभर ढवळत होतात. घरभर तो गोडसर खमंग वास. मी विचारलं, दुकानात खोबरेल मिळत नाही का? तुम्ही म्हणालात, "मिळतं की. पण ते घाण्याचं. हे मुठेल, हे पोटासाठी." खाली राहिलेला तपकिरी चोथा तुम्ही गुळाबरोबर मला वाटीत दिलात आणि तेल गाळून एका जुन्या सरबताच्या बाटलीत भरलंत. ती बाटली स्वयंपाकघराच्या खिडकीत उन्हाच्या बाजूला. तिची जागा तेव्हापासून बदलली नाही. तेल दर वेळी नवं, बाटली तीच.

मग रोज संध्याकाळी, मी शाळेतून येऊन हातपाय धुतले की, पडवीतल्या बाकावर मला आडवं व्हायला लावायचात. परकराची नाडी पोटाच्या खाली सरकवायची, वर बांधायची नाही, ही तुमची पहिली शिस्त. तेल तळहातावर घेऊन दोन्ही तळवे एकमेकांवर घासायचे, कोमट होईपर्यंत. "गार हात लावायचा नाय. आतलं दचकतं." मग उजवीकडून डावीकडे, मोठ्या गोलात, जराही न दाबता. पोटाकडे तुम्ही बघायचा नाहीत. तुमची नजर बाहेर, केळीच्या पानांवर, आणि कान जणू हातात. मध्येच हात थांबायचा. आतून एक ढुशी यायची. तुम्ही म्हणायचात, "जागं आहे," आणि हात पुन्हा फिरायला लागायचा. ढुशी आली नाही तर गोल लांबायचे. कधी कधी दिवेलागण व्हायची, सासूबाई आतून हाक मारायच्या, मी कंटाळायचे, पण तुम्ही उठायचा नाहीत. मला वाटायचं, बाईला दुसरा उद्योग नाही.

एकदा तुम्ही सांगितलंत, "सातव्याच्या शेवटाला बेंबीच्या खाली खाज सुटेल. आधी डावीकडे. नखं लावू नकोस, तेलाचं बोट लाव." आणि अगदी तस्संच झालं. डावीकडे, बेंबीच्या खाली. मी वर्गात फळ्याकडे तोंड करून पदराआडून खाजवत उभी. तुम्हाला हे कसं ठाऊक, असा प्रश्न विज्ञानाच्या बाईंना पडायला नको होता का? पडला नाही. मी धरून चालले की चार बायकांचं ऐकून ठेवलं असेल.

ते दिवस तुम्हाला आठवतात ना? केबल नुकतीच आली होती आणि रोज कुठली ना कुठली सौंदर्यस्पर्धा लागलेली असायची. आपल्याकडच्या पोरी मुकुट घालून रडायच्या आणि आपण सगळ्या जेवता जेवता बघायचो. शाळेतल्या बायकांच्या खोलीतही तोच विषय. कोणी मसुराचं पीठ लावायचं, कोणी साय, कोणी मासिकातलं कात्रण पर्समधून काढायचं. बाळंतपणात पोटावर पडणाऱ्या रेघांसाठी एक क्रीम आलंय, असं एकीने सांगितलं. स्टेशनजवळच्या औषधाच्या दुकानात गुलाबी झाकणाची ट्यूब मिळाली. मी ती आणली, पण कपाटात ठेवली. तुमचं तेल चालूच होतं आणि खरं सांगते, त्या बाकावरची अर्धी घटका मला आवडायची. दिवसभर चाळीस पोरांवर ओरडून आल्यावर माझ्याशी कोणी काही न बोलता मला हात लावतंय, याचं सुख होतं. ते तुम्हाला कधी सांगितलं नाही.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं. माझी आई डोंबिवलीहून आली. वाडीतल्या बायका जमल्या, फुलांची वाडी भरली, तुमच्याच मोगऱ्याची. सगळ्या एकेक करून ओटी भरत होत्या आणि तुम्ही स्वयंपाकघरात. मी हाक मारली तर म्हणालात, "मी आतलं बघते गो, पुऱ्या करपतील." मी पुन्हा हाक मारली नाही. पुऱ्या तळायला दुसरी कोणी बसली असती, हे समजण्याइतकी अक्कल होती मला.

संध्याकाळी बायका गेल्यावर तुम्ही नेहमीसारखी बाटली घेऊन आलात. आईने बघितलं. तुम्ही उठून गेल्यावर माझ्या शेजारी बसून हळूच म्हणाली, "मूल नसलेल्या बाईचा हात रोज पोटावर? बरं नव्हे बाई. मनात नसलं तरी नजर असते. तू शिकलेली आहेस, पण उगाच विषाची परीक्षा कशाला?"

मी हसले. आईला चांगली दोन वाक्यंही ऐकवली, हे कसलं खूळ म्हणून. पण रात्रभर ते कानात राहिलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही तळवे घासायला लागलात आणि मी म्हटलं, "वन्सं, आता तेल नको. डॉक्टरबाईंनी मना केलंय. क्रीम लावायला सांगितलंय."

खोटं. साफ खोटं. डॉक्टरबाईंना मी मागच्याच भेटीत विचारलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, "रेघा येणं न येणं तुमच्या कातडीवर आहे. आईला आल्या असतील तर तुम्हालाही येतील. तेलाने त्या अडत नाहीत, पण खाज कमी होते. लावा की." 'लावा की' असं म्हणालेल्या बाईच्या नावावर मी 'लावू नका' खपवलं. तुम्ही कोमट झालेलं तेल आपल्याच कोपरांना पुसलंत, बाटलीला बूच लावलंत आणि ती खिडकीत नेऊन ठेवलीत.

त्यानंतरचा महिना मी तुमच्यावर चिडलेली होते आणि चिडायचं कारण तुम्हीच पुरवत होतात. मी शाळेतून आले, चपला काढल्या, की तुमचा प्रश्न ठरलेला. "आज हललं का?" सकाळी निघताना, "रात्री हललं का?" दुपारी मधल्या सुट्टीत एकदा शाळेत फोन आला. मला वाटलं घरी काही झालं, धावत शिपायाच्या टेबलापर्यंत गेले. कोपऱ्यावरच्या बूथवरून तुम्ही. "सकाळी विचारायचं राहिलं गो. हललं का?" मी दात आवळून म्हटलं, "हललं." मागे बायका हसल्या. मला तुमची लाज वाटली. आठवा महिना होता तो.

नवव्यात रेघा आल्या. क्रीमची ट्यूब मुडपून मुडपून संपवली होती, तरी आल्या. बेंबीखालून दोन्हीकडे, लालजांभळ्या, केळीचं पान वाऱ्याने चिरतं तशा. मी पडवीत आरसा भिंतीला टेकवून बघत होते आणि रडत होते. आज हसू येतं. सत्तावीस वर्षांची शिक्षिका पोटावरच्या रेघांसाठी हुंदके देतेय. तुम्ही वाळत टाकलेल्या मिरच्या गोळा करत होतात. जवळ आलात. बघितलंत. आणि किती साधं बोललात.

"रेघांचं एवढं काय गो. लाल आहेत तोवर खाजतात, मग पांढऱ्या पडतात. पोर धडधाकट येऊ दे."

तेव्हा मी ते वाक्य बोलले. अक्षर न अक्षर लिहिते, कारण परत घ्यायचं तर पूर्ण घ्यायला हवं. मी म्हटलं, "तुम्हाला काय कळणार, वन्सं? पोट ताणतं म्हणजे काय, ते ज्या बाईचं ताणलंय तिलाच कळतं."

जिभेला हाड नसतं म्हणतात. माझ्या जिभेला धार होती, आणि ती मला हुशारी वाटायची. तुम्ही सूप हातात धरून उभ्या होतात. म्हणालात, "खरं गो. मला कसं कळेल." एक मिरची खाली पडली होती ती उचललीत आणि आत गेलात. रात्री जेवताना माझ्या पानात तुम्ही तूप वाढलंत, रोजच्यासारखं.

माझी अपेक्षा होती की तुम्ही फुगून बसाल. मग मला माफी मागणं सोपं गेलं असतं, किंवा न मागणं तरी. तुम्ही दोन्ही वाटा बंद केल्यात. मानसी झाली तेव्हा दवाखान्यात पहिला डबा तुमचा. तिची पहिली आंघोळ तुम्ही घातलीत, पायांवर पालथी घालून, तेच मुठेल. माझ्या पोटाला जुन्या लुगड्याचा पट्टा तुम्ही बांधलात, इतका नेमका की ना सैल ना आवळ. तो कसा बांधायचा, हे तरी तुम्ही कुठे शिकलात? तेही मी विचारलं नाही.

मानसी चार वर्षांची असताना एकदा पेरूच्या झाडावरून पडली. गुडघा सोलवटला. तुम्ही तिला मांडीवर घेऊन जखमेच्या कडेने तेल लावत होतात आणि ती तुमच्या गळ्यात हात टाकून ओरडत होती. मी म्हटलं, "वन्सं, तेव्हा मी तुम्हाला जे बोलले ना..." तुम्ही वर न बघता म्हणालात, "दूध उतू जाईल बघ." दूध खरंच वर आलं होतं. मी पळाले. मला पळायला निमित्तच हवं होतं. गॅस बंद करून परत येता आलं असतं. मी भांडी लावत बसले. तिथून पुढे सात वर्षं, वन्सं, आणि आपण रोज एका ओट्यावर काम केलं.

मंगळवारी सकाळी तुम्ही चहाला उठला नाहीत.

तुम्हाला आंघोळ घालायला आम्ही तिघी होतो. मी, शेजारच्या वाडीतल्या मालूकाकी आणि सासूबाई. सासूबाई आता ऐंशीच्या घरात, त्या दाराशी स्टुलावर बसून होत्या, लेकीच्या पायांकडे बघत. मालूकाकींनी विचारलं, हिरवं लुगडं नेसवायचं का? तुमचा नवरा दुसरा संसार मांडून कुठेतरी जिवंत आहे म्हणतात. सासूबाई म्हणाल्या, "नेसवा. ओटी पण भरा." ओटी मी भरली, मागच्या माडाचा नारळ घालून. आयुष्यात तुम्ही मागे राहून कुणाकुणाच्या ओटीचं सामान काढून दिलंत, तुमची भरायला तुमचीच भावजय आणि तीही अशा वेळी. पण ते नंतर. मला सांगायचंय ते त्याच्या आधीचं.

मी तुमचं लुगडं सोडलं. इतकी वर्षं एका घरात राहून मी तुमचं पोट कधी बघितलं नव्हतं. निऱ्या तुम्ही नेहमी बेंबीच्या वर खोचायचात, न्हाणीचं दार आतून लावायचात. मला वाटायचं जुन्या वळणाच्या. पाण्याचा तांब्या माझ्या हातात होता आणि मी बघत राहिले. बेंबीच्या खाली दोन्हीकडे रेघा होत्या. डावीकडे जास्त. पांढऱ्या पडलेल्या. तुम्ही म्हणाला होतात तशा.

मालूकाकींना काही वाटलं नाही. त्यांना ठाऊक होतं. वाडीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांना ठाऊक होतं. मी सासूबाईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "आठवा लागला होता. सासरी कामाचा रगाडा, जवळ कोण बसणार. पोर पोटात हलायचं थांबलं आणि दोन दिवस कुणाच्या ध्यानातच आलं नाय. तिच्या पण नाय. कामात होती ना. तेच लागलं तिला. नंतर त्यांनी आणून सोडली, ठेवा म्हणाले."

मी विचारलं, मला का नाही सांगितलं कुणी?

"तू कधी विचारलंस?" सासूबाई म्हणाल्या. रागाने नाही. खरोखर आठवून बघत असल्यासारखं म्हणाल्या, आणि मान हलवली.

तांब्या मी खाली ठेवला. अकरा वर्षांचं सगळं एकदम माझ्यापुढे येऊन उभं राहिलं. तुमचा थांबणारा हात. 'जागं आहे.' ढुशी येईपर्यंत लांबणारे गोल. शाळेतला फोन. तेल रेघांसाठी नव्हतंच, वन्सं. रेघा थांबत नाहीत हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तेलाच्या निमित्ताने तुम्ही रोज एकदा माझं मूल जिवंत आहे ना, ते बघून घेत होतात. आणि मी तुमचा हात नेमका आठव्याच्या तोंडाशी बाजूला केला. तो सगळा महिना तुम्ही नुसत्या माझ्या 'हललं' या शब्दावर काढलात, आणि तो शब्दही मी दात आवळून देत होते.

मग मी ते वाक्य बोलले. आणि तुम्ही म्हणालात, खरं गो. 'माझंही ताणलं होतं' एवढं म्हणाला असतात तर मी तिथेच मेले असते. ते तुम्ही म्हणाला नाहीत. नवव्या महिन्यातल्या बाईला ती गोष्ट सांगायची नसते, हे तुम्हाला कळत होतं. माझ्या पोटात मूल होतं म्हणून तुम्ही माझं वाक्य गिळलंत. मूल बाहेर आल्यावर तरी सांगायचं होतं, भांडायचं होतं. मला एकदा खडसावायला हवं होतं तुम्ही. हा माझा तुमच्यावरचा राग आहे, आणि तो मला पुरणार आहे.

माझ्या रेघाही आता पांढऱ्या आहेत. कुणाला दिसत नाहीत. तुमचंच खरं झालं. मानसी परवापासून खोलीत बसून आहे. तिला मी अजून सांगितलेलं नाही, पण सांगणार आहे, माझ्या वाक्यासकट. आत्याला एक मूल होतं, हे या घरात निदान एका माणसाने न विचारता ऐकलेलं असू दे.

ते वाक्य मी परत घेते, वन्सं. तुम्हाला कळत होतं. माझ्याआधीपासून, माझ्यापेक्षा जास्त.

अजून एक सांगायचंय. त्या दिवशी मी ओल्या हाताने स्वयंपाकघरात गेले आणि खिडकीतली बाटली घेऊन आले. मालूकाकी म्हणाल्या, आता तेल कशाला, उशीर होतोय, बाहेर माणसं खोळंबलीत. सासूबाई म्हणाल्या, "लावू दे तिला." उजवीकडून डावीकडे, मोठ्या गोलात, न दाबता. बाहेर केळीकडे बघायचं मला जमलं नाही, मी रेघांकडेच बघत होते.

पोट गार होतं, वन्सं. तेल मी तळव्यांवर घासून कोमट करून घेतलं होतं.